अंगठ्याखालचा नंबर

आवं चप्पल राहू द्या भाईर, कोन नेत न्हाई – आनि पाय लागलं म्हनून फरशी काय झिजत न्हाई, या, आत या, हितं खुर्चीत बसा, खाली नको. तीन जिनं चढून आला तुमी? लिफ्ट हाय की खाली, बटन दाबलं की झालं – बरं, ऱ्हाऊ द्या, चौतीस वर्सं सायकल मारलेलं पाय हायत ते. वॉचमननं आडवलं आसंल. काय सांगितलं त्येला – गुंडा फौजीच्या कृष्णातकडं जायाचंय? मंग त्यो कसा सोडतोय नाना, सांगलीत गुंडा फौजी कुनाला म्हाईत, हितं मी नुसता तीनशे दोन नंबर हाय. आनि ही पिशवी कशाची – घेवडा? वाघ्या? एवढा? आवं आमी दोघंच खानारी, कीर्ती सकाळी डबा घिऊन बँकेत जाती, मी दिसभर ह्या टेबलाम्होरं – न्हाई, न्हाई, परत न्या म्हनत न्हाई, घेतला, हे बघा ठेवला आत. कोरेगावचा घेवडा सांगलीत मिळतोय, पर त्यो इकत आनलेला. सकाळच्या गाडीनं आला व्हय? एकलंच? आदी फोन केला आसता तर स्टेशनात आलो आसतो की मी.

चहा टाकलाय, न्हाई म्हनू नका. आता मला म्हाईत हाय, आमच्या घरचा चहा तुमी घेत न्हाई – मला कळाय लागल्यापासनं बघतोय, टपाल फाटकातनं द्यायचं, आई चहा घ्या म्हनायची आनि तुमी सायकलवरनं दुसरा पाय खाली टेकवायचा न्हाई. पर ते वाडीतलं घर, हे सांगलीतलं, हितं काय – घेनार? घेताय? – बरं. बरं की. साखर टाकू न्हवं? थांबा, उतू जाईल त्यो.

धरा. गरम हाय, बशीत वता. – हां, त्यो मोबाईल. आलं ध्यानात. उदयसिंहानं पाठवलं तुमाला? सरपंच झाल्यापासनं त्यो दिसभर तेच करतोय, ह्येला पाठव, त्येला पाठव. व्हय, हा मीच, आनि मागं मोठ्या पडद्यावर हे तुमी – व्हय, पारावर बसल्याला फोटो, उदयसिंहाच्याच स्टेटसवरनं घेतलेला. बेंगळूरच्या माज्या भाषनाचा व्हिडिओ. नोव्हेंबरातला. चारशे-पाचशे मान्सं आसतील हॉलमदी, सगळी आमच्याच धंद्यातली, काम्पुटरवाली. – काय? तुमचं नाव कवा येतंय? का बरं? – म्हंजे सोमवारी, सव्वीस जानेवारीला, झेंडा झाल्यावर शाळंत पडदा लावून हे दाखवनार, तुमाला म्होरं बसवून शाल-नारळ देनार, आनि सगळं इंग्रजीत हाय म्हनून आपलं नाव आलं की मान कवा हलवायची, एवढं इचारायला तुमी कोरेगावातनं सांगलीला आला? नाना. एवढ्यासाठी कुनी – न्हाई, हसत न्हाई मी. हसत न्हाई. चहा घ्या.

लावू या की, लावू या. हितं नेट जरा आज – तुमच्या मोबाईलातच हाय? नेट लागत न्हाई? – बरं, पर आदी काम काय हाय ते तरी समजून घ्या, न्हाईतर मान कशावर हलवनार तुमी. बघा, काम्पुटरात काय आसतं, फायली. आपल्या तालुक्याच्या कचेरीत दप्तरं आसत्यात न्हवं फडक्यात बांधून, तशा, पर दोन-दोन लाख. आनि परत्येक फायलीला पत्ता आसतो. ह्या घरात, ह्या खोलीत, ह्या कपाटात, ह्या कप्प्यात, हे नाव – आसा लांबलचक. आता आमाला यादी दिलेली आसती, की ह्या-ह्या पत्त्याच्या फायली घे, ह्या-ह्या सोडून दे. मंग ते हत्यार, म्हंजे आमचा प्रोग्राम, काय करायचं, दोन लाख पत्तं एकेक करून उचलायचं आनि यादीतल्या परत्येक ओळीशी पयल्या अक्षरापासनं ताडून बघायचं. पयल्या अक्षरापासनं. आनि पयला आर्धा पत्ता सगळ्यांचा सारखाच – तेच घर, तीच खोली, तेच कपाट. दोन लाख येळा तेच ते वाचतंय बिचारं. त्येला नऊ सेकंद लागायची. – नऊ सेकंद म्हंजे काय न्हाई, व्हय, तुमी हसताय ते बरोबर हाय, एक बिडी पेटवायला जास्त लागत्यात. पर त्यो मानूस दिसातनं शंभर येळा ते बटन दाबतोय, आनि आशी लाखभर मान्सं हायत जगात. नऊ सेकंद बसून ऱ्हायचं, परत नऊ सेकंद. दोन वर्सं मी त्याच्या मागं हुतो नाना. आक्षरं जोडायची पद्धत बदल, यादी बदल, पाठ कर, काय काय केलं. नवाची साडेआठ व्हायची आनि मला लय केल्यासारखं वाटायचं.

आनि एक दिवस हितंच बसलोय, ह्याच खुर्चीत, खाली कुरियरवाला आला, त्यानं पाकिटावरचं सगळं वाचून दाखवलं मला, कृष्णात गुंडा शेडगे, तीनशे दोन, अमुक अपार्टमेंट, अमुक रोड, विश्रामबाग, सांगली, पिनकोडसकट – आनि मला तुमी दिसला. तुमचा अंगठा दिसला. मु. पो. आपली वाडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा – ह्यावर तुमचा अंगठा आसायचा, कारन ते तर सगळ्याच टपालावर. शेडगे वाचायचंच न्हाई, कारन वाडीत दुसरं हायच कोन, सारी भावकी. नुसतं नावावर आनि बापाच्या नावावर नजर. ती तेवढीच जागा, जितं मानूस मानसापास्नं येगळा हुतो. चारशे उंबरा तुमी दोन तासात वाटून मोकळं. मी तेच केलं. सारखं हाय तितं अंगठा ठेवला, येगळं हाय तितं आदी बघितलं. नवाची पाव सेकंद झाली नाना. पाव. मी उठून ह्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. कीर्ती म्हनली, काय झालं, तर मी म्हनलं, नानासो पोस्टमन पावला.

म्हनून बोलावलं त्यांनी बेंगळूरला. म्हनून तुमचा फोटो. – हां, म्हंजे तुमचं कौतुकच की. कौतुकच म्हनायचं. चौदाव्या मिनटाला येतंय तुमचं नाव, चौदाव्या मिनटाला बारा सेकंद झाली की. – न्हाई, पाठ न्हाई, आपलं ते… चोराच्या मनात चांदणं म्हनत्यात तशातली गत हाय. काय न्हाई, काय न्हाई. चहा गार हुतोय.

नाना, मी काय म्हनतो, सोमवारी ते नगंच दाखवाया. चाळीस मिनटाचं हाय, सगळं इंग्रजी, पोरं झोपत्याल, म्हातारी मान्सं उनात बसून कट्टाळत्याल. तुमाला शाल द्यायचीय तर मी येतो, मी सोताच्या हातानं घालतो, सिनेमा कशाला पायजे. उदयसिंहाला मी आसंच म्हनलेलो – खरं सांगायचं तर म्हनलो, ती फाईल खराब झालीया, पडद्यावर लागनार न्हाई. खोटं बोललो. तर त्यो म्हनतोय, काळजी नगं कृष्णातभाऊ, नानांच्या मोबाईलात चांगली चालतीय. आनि वर म्हनतोय, इंग्रजीची पन सोय केलीया, शाळंत त्या नवीन मॅडम आल्यात, शिवांजली मॅडम, त्या माईक घिऊन शेजारी उभ्या ऱ्हानार आनि वाक्या-वाक्याला मराठीत सांगनार. वाक्या-वाक्याला. तवापासनं मी धड जेवलेलो न्हाई. आज गुरवार.

सांगतो. तुमी आला हाय तर तुमालाच आदी सांगतो. तितं सुरवातीला कुनी बघत नव्हतं माज्याकडं. पाचशे मान्सं, पाचशे मोबाईल. माजं इंग्रजी म्हंजे आपलं कराडच्या कालेजचं, म्होरच्या दोन पोरी एकमेकीकडं बघून गालात हसलेल्या मी बघितल्या. मंग तुमचा फोटो आला पडद्यावर, पारावर बसून डुलकी घेतल्याला, पिशवी मांडीवर – आनि कुनीतरी हसलं. मला बरं वाटलं, खरं सांगतो, लय बरं वाटलं. आनि मी म्हनलो – मी म्हनलो, हा आमच्या गावचा पोस्टमन, ह्येला वाचाय येत नव्हतं. ह्येला फकस्त एकच शब्द वाचाय यायचा, म्हनून त्यो बाकीचं अंगठ्यानं झाकायचा. आनि म्हनूनच त्यो सातारा जिल्ह्यातला सगळ्यात फास्ट पोस्टमन झाला. हॉल हसला. सगळा. मोबाईल खाली गेलं. मंग मी तुमी अंगठा कसा धरायचा ते करून दाखवलं, डोळं बारीक करून, मान आशी वाकडी करून. परत हसली.

वाचाय येत नव्हतं. तुमाला. सातवी फायनल पास झालेला मानूस तुमी. आर्ध्या वाडीला पत्रं वाचून दाखवली, माज्या आईला आण्णांची फौजेतनं आलेली पत्रं वाचून दाखवली, आनि जी वाक्यं सगळ्यांम्होरं वाचन्यासारखी नव्हती ती हळूच गिळून टाकली – आई आजून सांगती ते. आनि मी हे सगळं म्हाईत आसून – इसरून न्हाई नाना, म्हाईत आसून. त्या हशासाठी.

काय? – हसू द्या? आवं हसू द्या काय. – न्हाई, तुमी आसं म्हनू नका. तुमी रागवा. म्हाताऱ्या मानसावर पोरं हसायचीच, त्यात काय, आसं म्हनून तुमी मला… न्हाई, माफ केलं म्हनू नका इतक्यात. चहा पिला? संपत आला? पिऊ नका – म्हंजे प्या, प्या की, तुमच्यासाठीच हाय. – काय म्हनला? परत सांगा. – म्हंजे तुमाला वाटलं, की गुंडा फौजीच्या पोरानं चारचौघांत आपलं नाव घेतलं, आपला फोटो लावला, म्हंजे त्या घरानं आपल्याला माफी दिली. म्हनून आज चहा घेतला. अडतीस वर्सांनी.

आमी तुमच्यावर कवाच राग धरला नव्हता. आईला कवा बी इचारा. आण्णांनी मरस्तवर तुमाला हाका मारल्या, ये रं नानासो, बस रं. तुमीच आला न्हाई. तुमाला कोन माफ करनार नाना, आमी? आमचा मानूस तर परत आला.

आनि मी – ऐका. तेवढंच आसतं तर मी धा येळा तुमच्या पाया पडून मोकळा झालो आसतो. तेवढंच न्हाई. मला सांगायचं नव्हतं हे, तुमी ते घरानं माफ केलं म्हनला नसता तर मी बोललो बी नसतो, घेवडा ठिऊन घेतला आसता आनि तुमाला गाडीत बसवून दिलं आसतं. बशी खाली ठेवा. ऐका.

त्या हत्याराची एक गंमत झाली – गंमत न्हाई, चूक. पयल्यांदा मी केलं ते नुसतं अंगठ्याचं केलं. येगळी जागा बघायची, जुळली की झालं, वरचं वाचायचंच न्हाई. लय पळायचं. आनि एक दिवस आमच्यातला जिनपाल, हितलाच हाय, हरिपूर रोडला ऱ्हातोय, त्याच्या काम्पुटरावर एकाच नावाचं दोन कप्पं. एक टाकायचा, एक ठेवायचा. नाव तेच, बाप येगळा. माज्या हत्यारानं ठेवायचा त्यो टाकला. आठ दिवसाचं काम गेलं त्याचं. त्यो जैनाचं पोरगं, लय शांत, म्हनला करू परत. पर मी तवा आठवलं की नाना नुसतं अंगठ्यावर चालत नव्हतं. आळी ठरवायची अंगठ्यानं, पर दारात उभं ऱ्हायलं की सगळं वाचायचं, वरपासनं खालपर्यंत, मोठ्यानं, मंगच हातात द्यायचं. अख्खी वाडी हसायची तुमाला, शेजाऱ्याला पन ठावं व्हायचं कुनाचं पत्र कुठनं आलं ते. मी ते बी घातलं. आदी अंगठा, मंग दारात वाचायचं. पाव सेकंदाचं आर्धा सेकंद झालं, पर चूक गेली. आनि मंग बेंगळूरला लोकांना सांगाय पायजे की न्हाई, दारात वाचायची गरज का पडली. पोस्टमन दारात का वाचाय लागला.

तुमाला ठावं हाय मी काय सांगितलं आसनार.

मी चार वर्सांचा हुतो, मला आठवत न्हाई, सगळं आईचं ऐकून हाय. फौज श्रीलंकेला गेलेली. वाडीत दोन गुंडा शेडगे, चुलत भाऊ, दोगांच्या बी बापानं आपल्या आज्ज्याचं नाव पयल्या पोराला ठेवायचं म्हनून ठेवलेलं, आनि दोगं बी पलटनीत. आण्णा श्रीलंकेत. राहीकाकूंचा नवरा, दुसरा गुंडा, बेळगावातच हाय आसं सगळ्यांना वाटायचं, आपन बी श्रीलंकेला आलोय हे त्यानं बायकू घाबरंल म्हनून कळवलंच नव्हतं घरी. आनि तार आली. तारंत बापाचं नाव नसतंय. नाव तेवढं आसतंय आनि फौजी नंबर. आनि नंबर नेमका तितं, जितं तुमचा अंगठा. – तुमी नगा बोलू, मला बोलू द्या. – तुमी श्रीलंकेचा गुंडा तो आमचाच म्हनून आमच्या दारात आला. आईच्या बांगड्या राहीकाकूंनी उतरवल्या. सोताच्या हातानं, रडत-रडत, तिला पोटाशी धरून. मंग घरी जाऊन पिठलं-भाकरी करून आनली, आमची चूल बंद म्हनून, मला भरवली. चार तास. चार तासांनी सुभेदार तात्या रानातनं आलं, त्यांनी तार मागितली आनि नंबर वाचला, त्यो आण्णांचा नव्हता. आनि काकू तितंच, आमच्याच सोप्यात, भाकरीची पाटी शेजारी.

आनि तुमी ती तार घिऊन परत गेला काकूंच्या घरात. कोन संगं नव्हतं, आई सांगती, तुमी कुनाला येऊ दिलं न्हाई. काकूला तिच्या उंबऱ्यावर उभं करून सगळं वाचलं, नंबरापासनं, मोठ्यानं. तवापासनं तुमी दारात वाचाय लागला.

आनि आईच्या बांगड्यांचं काय करायचं ते कुनालाच कळंना. जित्या नवऱ्याच्या बायकूच्या बांगड्या उतरल्या तर परत कशा भरायच्या, रीतच न्हाई. ती तशीच मोकळ्या हातानं बसली. तर तेराव्याला काकूंनी सोता कासाराला आमच्याकडं धाडलं. सोता.

हे मी तितं सांगितलं. न्हाई – हे न्हाई सांगितलं. भाकरी न्हाई सांगितली, कासार न्हाई. एवढंच सांगितलं की ह्या पोस्टमननं मरनाची तार चुकीच्या घरात दिली, ते घर आमचं, आनि माजी आई चार तास विधवा हुती. आनि पडद्यावर ओळ आली, मीच केलेली, आदल्या दिशी हाटेलात बसून केलेली, तोंडातनं चुकून गेलं आसं म्हनायला बी जागा न्हाई मला. फॉल्स पॉझिटिव्ह. म्हंजे न्हाई त्ये हाय म्हनून सांगनं. त्याच्याखाली लिहिलं, नुकसान – बांगड्या एक डझन.

हॉल उठून हसला.

मी बी हसलो. त्या व्हिडिओत दिसतंय, मी बी हसतोय. आनि एकानं शेवटी हात वर करून इचारलं, मंग बरोबरच्या घराचं काय झालं? तर मी म्हनलो, तितं डिलिव्हरी झाली. परत हसली. सोळा मिनटं चाळीस सेकंद.

सोमवारी झेंडा कुनाच्या हस्ते हाय, म्हाईत हाय न्हवं? दरवर्सी कुनाच्या हस्ते आसतो? राहीकाकू झेंडा लावून म्होरच्या खुर्चीत येऊन बसनार, तुमी शेजारी, माजी आई पलीकडं. आनि शिवांजली मॅडम वाक्या-वाक्याला सांगनार. डिलिव्हरी झाली. मराठीत काय म्हनतील त्या त्येला? मला रोज एकेक शब्द सुचतोय आनि रोज त्यो आदीच्यापेक्षा वंगाळ. मला लाज वाटती नाना, आशी की आरशात दाढी करताना बी मान वर हुईत न्हाई. मी फौजीचा पोरगा, ज्या बाईनं मला भाकरी भरवली तिच्या नवऱ्याच्या मरनावर मी टाळी घेतली. आनि लोकांनी पाठ थोपटली माजी, काय भारी गोष्ट सांगितली म्हनून.

काय करताय – नगा लावू नाना. नगा. समजायचं न्हाई तुमाला, इंग्रजी हाय सगळं. इकडं द्या त्यो. – बरं. बरं, तुमचा मोबाईल हाय. लावा.

हे चौदा. हे माजंच बोलनं हाय, हे तुमचं नाव – नानासो, म्हनलो बघा. हां. हे हसली ती. हे अंगठ्यावर. – आजून म्होरं. हे… हे आईच्या बांगड्यांवर. बंद करा आता. बंद करा, नाना, हसन्याला काय इंग्रजी लागत न्हाई, कळलं की तुमाला. – हे शेवटचं. हे राहीकाकूंच्या घरावर.



नाना.

शिव्या घाला. आई-बापावरनं घाला. – उठला? आवं गाडीला आजून दीड तास हाय. चहा – व्हय, ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या, कळलं. घेवडा परत नेनार आसला तर… न्हाई? बरं. हात देऊ का, जिना उतरताना – बरं.

थांबा. नाना, थांबा जरा. उदयसिंहाला मी आत्ता फोन करतो, दाखवायचं बंद करतो, खरं काय ते सांगून बंद करतो. बेंगळूरवाल्यांना लिहितो, ते काढून टाका म्हनतो. तेवढ्यानं – न्हाई? मान कशाला हलवताय, न्हाई का? – हां. व्हय. पडदा लावला न्हाई तर काकूंना कळनार न्हाई. पर मला कळतंय. तुमाला कळतंय आता. आनि लाख मान्सांनी बघितलंय, आज ना उद्या कुनीतरी तिच्या अंगनात मोबाईल उघडनारच, तिच्या सुनंच्याच हातात आसंल. परत तार दुसऱ्याच घरातनं यायची तिला.

मी सांगाय पायजे. मी? काकूंच्या दारात? काय म्हनू मी तितं – तुमी काय म्हनला हुता नाना, दुसऱ्यांदा गेला तवा, पयला शब्द काय काढला तोंडातनं? – सगळं वाचायचं. वरपासनं. मोठ्यानं. कायबी झाकायचं न्हाई. – डझनभर बांगड्या बी? डिलिव्हरी बी? – बरं.

बरं नाना. तुमी येता का संगं, तिच्या दारापतूर – न्हाई? बरं, मी इचारलंच न्हाई, ऱ्हायलं. तुमी तरी कुठं कुनाला संगं नेलं हुतं. थांबा, एवढं कुलूप लावतो. ह्याच गाडीनं येतो मी, उद्या म्हनलो तर पाय उचलायचं न्हाईत. गाडीत तुमच्या शेजारी बसू का – बरं. चालतंय. तुमी म्होरल्या डब्यात बसा. मी मागल्या डब्यात बसतो.